जुना शर्ट, नवा छाप

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची मुलगी. 'एकोणसाठ' म्हटलं की अजूनही मनातल्या मनात बोटं मोजावी लागतात. ऱ्हस्व-दीर्घाचा तर विषयच नको! त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं मॅडम म्हणाल्या तेव्हा घामच फुटला. 'कविता कर,' असा सल्ला मैत्रिणींनी दिला. पण आपल्या मॅगझिनमध्ये पाऊस आणि आई या दोन विषयांवर आधीच भरपूर काम झालेलं आहे. म्हणून ठरवलं, जे हाताने केलंय तेच लिहायचं. तर हा लेख आहे ब्लीच आणि स्टेन्सिल वापरून घरच्या घरी, म्हणजे आपल्या बाबतीत होस्टेलच्या घरी, शर्टावर डिझाइन कसं काढायचं याचा.

हे सुरू कशामुळे झालं ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही, कारण त्यात चूक माझी होती.

गेल्या वर्षी गॅदरिंगला आमच्या वर्गाने छापील टी-शर्ट करायचं ठरवलं. प्रत्येकी तीनशे ऐंशी रुपये. काँट्री गोळा करायचं काम माझ्याकडे. मी उत्साहाच्या भरात वर्गाच्या ग्रुपवर रोज यादी टाकायचे, कोणाचे आले, कोणाचे बाकी. शेवटी 'बाकी'मध्ये एकच नाव उरलं, माझ्याच रूममेटचं. ती आर्वी तालुक्यातल्या एका गावची. घरी कपाशी. त्या वर्षी वेचणीच्या वेळी पाऊस आला, कापूस भिजला, भाव मिळाला नाही. हे मला नंतर कळलं. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, 'मला टी-शर्ट आवडत नाहीत.' गॅदरिंगच्या दिवशी आम्ही सगळे एकसारखे, आणि ती सगळ्यांचे फोटो काढत उभी. एकाही फोटोत ती नाही. यादी मी टाकली होती, आणि तिच्याच शेजारच्या पलंगावर बसून टाकली होती.

तेव्हापासून डोक्यात होतं की पुढच्या वर्षी असं काहीतरी करायचं, ज्यात काँट्रीच लागणार नाही.

ब्लीच करतं तरी काय?

सुती कपड्याचा रंग म्हणजे धाग्यात बसलेले रंगाचे रेणू. या रेणूंमध्ये एकेरी-दुहेरी बंधांची एक लांब साखळी असते. ही साखळी प्रकाशातला ठराविक भाग शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. तोच आपल्याला दिसणारा रंग. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाण्यातलं द्रावण. ते जबरदस्त ऑक्सिडीकारक आहे. ते ही साखळी मध्येच तोडतं. साखळी तुटली की रेणू तिथेच असला तरी रंग दिसत नाही. म्हणजे ब्लीच रंग 'धुवून' काढत नाही, रंगाचं रंगपणच मोडून टाकतं. म्हणून हा छाप नंतर कितीही धुतला तरी जात नाही. जायला वर काही लावलेलंच नसतं!

हे काम नवीन नाही. अठराव्या शतकापर्यंत युरोपात कापड पांढरं करायला ते महिनोन्‌महिने कुरणांवर उन्हात पसरून ठेवत. १७७४ साली शील या शास्त्रज्ञाने क्लोरीन वेगळा केला. पुढे फ्रान्समध्ये बेर्तोले यांनी त्याचा कापड पांढरं करायला उपयोग दाखवला, आणि १७९९ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. महिन्यांचं काम तासांवर आलं. हीच पावडर आपल्याकडे ग्रामपंचायतवाले 'टीसीएल' म्हणून विहिरीत आणि टाकीत टाकतात. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला ब्लीचिंग पावडरमधला 'अव्हेलेबल क्लोरीन' आपण काढला होता, आठवतं? म्हणजे आपण काढला नव्हता, सिनिअरच्या जर्नलमधून उतरवला होता. पण प्रयोग खरा होता.

कापड ओळखा, नाहीतर माझ्यासारखं होईल

माझा पहिला प्रयोग उन्हाळ्याच्या सुट्टीत, हिंगणघाटला घरी. भावाची क्रिकेटची निळी जर्सी घेतली आणि ब्लीच ओतलं. पाच मिनिटं झाली, वीस झाली, काहीच नाही. जर्सी निळीची निळी. वासाने आईने मात्र मला अंगणात हाकललं.

होस्टेलला परत आल्यावर ही गोष्ट रूममेटला सांगितली. तिने जर्सीच्या शिवणीतून एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. धागा जळायच्या ऐवजी वितळला, काळा धूर आला आणि टोकाला कडक मणी तयार झाला. 'हे सूत नाही वं, प्लास्टिक आहे,' ती म्हणाली. मग तिच्या जुन्या ओढणीचा धागा जाळून दाखवला. तो कागदासारखा जळला, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे मऊ राखाडी राख. चार वर्षांची डिग्री घेऊनही जे मला सुचलं नसतं, ते तिला घरून येतानाच येत होतं.

तर नियम असे:

सुती, लिनन, खादी चालते. सूत म्हणजे सेल्युलोज, ते थोडा वेळ ब्लीच सहन करतं.

पॉलिएस्टरवर रंग जात नाही. त्याचा धागा पाणी आत घेतच नाही, आणि रंग धाग्याच्या आत बसलेला असतो. ब्लीच तिथपर्यंत पोचत नाही. मिक्स कापडावर छाप फिकट, धुरकट येतो.

रेशीम, लोकर आणि ताणणारं लायक्रा यांना ब्लीच अजिबात लावू नका. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत, ती ब्लीचमध्ये अक्षरशः विरघळतात. आजीची पैठणी या प्रयोगापासून चार हात दूर ठेवा.

नैसर्गिक रंगातली खादी असेल तर तीही वाचवा. आपल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचं काम माहीत असेलच. मगनलाल गांधींच्या नावाने गांधीजींच्या हस्ते १९३८ साली सुरू झालेलं हे ग्रामोद्योगांचं संग्रहालय. तिथली संस्था आज सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची 'मगन खादी' तयार करते. कुणीतरी एवढ्या कष्टाने चढवलेला रंग आपण पाच मिनिटांत उतरवायचा, हे काही बरोबर नाही. जुना, विटलेला, बाजारातला साधा सुती शर्टच घ्या.

काळा शर्ट पांढरा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. काळा रंग बहुतेक वेळा विटकरी, नारिंगी किंवा खाकी होतो. सगळेच भाग सारख्या वेगाने मोडत नाहीत, जे उरतं ते तांबूस दिसतं. काही रंग क्लोरीनला दादच देत नाहीत. म्हणून आधी शर्टाच्या आतल्या दुमडीवर एक थेंब टाकून पाहा. आणखी एक गंमत, शर्ट सुती असला तरी शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. म्हणून नारिंगी झालेल्या भागात शिवण काळीच राहते. ते वाईट दिसत नाही.

स्टेन्सिल: पलंगाच्या नंबरापासून शिका

स्टेन्सिल म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. दिवाळीत रांगोळीचे छापे वापरतो ना, तेच. आपल्या होस्टेलच्या पलंगावर, टेबलावर जो नंबर ऑइलपेंटने टाकलेला आहे तो नीट बघा. आठ आणि शून्य मधून तुटलेले दिसतील. ती पेंटरची चूक नाही. शून्याचं पूर्ण वर्तुळ कापलं तर मधला तुकडा गळून पडतो. तो धरून ठेवायला दोन बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. यांना आम्ही 'पूल' म्हणतो. सिव्हिलवाल्यांनी माफ करावं.

इंग्रजी अक्षरांचे तयार स्टेन्सिल कुठेही मिळतात. मराठी अक्षरं कापायला बसलं की खरी मजा येते. एक तर व, ब, क यांची गाठ बंद, तिथे पूल हवाच. दुसरं म्हणजे शिरोरेखा. ती सलग कापली की दोन अक्षरांच्या मधला भाग फक्त खालून जोडलेला राहतो आणि जिभेसारखा लोंबतो. त्याच्याखाली ब्लीच शिरतं आणि अक्षर फुगतं. आमचा पहिला 'वर्धा' असाच 'ववधा' झाला होता. उपाय सोपा आहे. प्रत्येक अक्षराची शिरोरेखा वेगळी ठेवा, मध्ये दोन-तीन मिलिमीटर न कापलेली जागा सोडा. वाचताना डोळा आपोआप रेघ जोडून घेतो. ही एक गोष्ट तरी मला मराठी लिहिताना न कळता कापताना कळली.

स्टेन्सिलसाठी कागद एकदाच चालतो, मग भिजतो. उत्तम म्हणजे जुनी एक्स-रे फिल्म. माझ्या आजोबांच्या गुडघ्याचे चार एक्स-रे या कामी आले. (गुडघा आता बरा आहे.) पण जुन्या फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, त्यात चांदीचे कण असतात. म्हणून तर भंगारवाला फिल्म विकत घेतो. हा थर ब्लीचने सुटून शर्टाला चिकटतो. त्यामुळे फिल्म आधीच पातळ ब्लीचमध्ये बुडवून, थर पुसून, स्वच्छ धुऊन घ्या. खाली पारदर्शक पत्रा उरतो. तो डिझाइनवर ठेवून कटरने कापा. कटर स्वतःकडे ओढताना दुसरा हात पात्याच्या वाटेत नको.

साहित्य आणि कृती

साहित्य: सुती गडद शर्ट (धुतलेला, कोरडा), किराणा दुकानात मिळणारं साधं ब्लीच, स्प्रेची बाटली, स्टेन्सिल, जुनं पुठ्ठं, वर्तमानपत्र, चिकटपट्टी, रबरी हातमोजे, मास्क, चष्मा, दोन बादल्या पाणी.

१. शर्टाच्या आत पुठ्ठं सरकवा, नाहीतर पुढचा छाप पाठीवरही उमटतो. कापड ताणू नका, फक्त सपाट करा.

२. स्टेन्सिल चिकटपट्टीने घट्ट लावा. बाजूचा सगळा शर्ट वर्तमानपत्राने झाका.

३. एक भाग ब्लीच, एक भाग पाणी असं मिश्रण करा. पातळ कापडाला पाणी दुप्पट. ब्लीच ताजं हवं. उष्णतेने आणि उजेडाने ते आपोआप मोडतं, म्हणून त्याची बाटली अपारदर्शक असते. आपल्याकडच्या मे महिन्यातून निघालेल्या बाटलीत दम कमीच उरतो.

४. बाटली वीतभर लांब धरून हलका फवारा मारा. कापड ओलं दिसलं पाहिजे, थेंब साचायला नकोत. साचलेले थेंब फडक्याने टिपा.

५. आता बघत बसा. दोन मिनिटांत रंग वळायला लागतो, पाच ते दहा मिनिटांत हवा तेवढा उतरतो. या वेळी मोबाइल बघायचा नाही! काम सावलीत करा. वर्ध्याच्या उन्हात पाणी लगेच उडतं, मागे राहिलेलं ब्लीच तीव्र होत जातं आणि कापड खातं.

६. रंग हवा तसा दिसला की स्टेन्सिल उचला आणि शर्ट भरपूर पाण्यात खळखळून धुवा.

७. धुतल्यावरही धाग्यात थोडं ब्लीच उरतं. ते सूत कमजोर करत राहतं. माझा दुसरा प्रयोग बाबांच्या जुन्या काळ्या शर्टावर होता. मी तो न धुता रात्रभर ठेवला. सकाळी नक्षी सुंदर होती, आठवड्याने तिथे उंदराने कुरतडल्यासारखी भोकं पडली. उपाय म्हणजे लॅबमधलं 'हायपो', सोडियम थायोसल्फेट. लिटरभर पाण्यात एक चमचा, दहा मिनिटं शर्ट बुडवायचा. ते नसेल तर मेडिकलमधलं तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड भरपूर पाण्यात घालून वापरा. बारीक बुडबुडे येतात, तो ऑक्सिजन. शेवटी साबणाने धुवा.

उलटा प्रकारही करता येतो. कापून काढलेलं अक्षर किंवा झाडाचं पान शर्टावर ठेवायचं आणि भोवती फवारायचं. पान उचललं की पानाचा आकार काळा राहतो आणि भोवती नारिंगी ढग.

हे मात्र दोनदा वाचा

ही गोष्ट गमतीची नाही. ब्लीच कशातही मिसळायचं नाही, पाणी सोडून. विशेषतः संडास-बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात ईप्र इथे जर्मन सैन्याने सोडला तोच. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही विषारी वायू होतो. व्हिनेगर किंवा लिंबूसुद्धा नको. 'उरलेलं ब्लीच व्हिनेगरने मारा' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्यापैकी एकीने फरशीवर सांडलेलं ब्लीच घासायला त्यावर अ‍ॅसिड ओतलं. बाथरूमची खिडकी बंद. अर्ध्या मिनिटात ती खोकत, डोळे चोळत बाहेर पडली. आम्ही तिला गच्चीवर मोकळ्या हवेत नेलं, डोळे पाण्याने धुतले आणि लगेच दवाखान्यात नेलं. ती बरी झाली, पण दोन दिवस जिना चढताना थांबत होती. असं झालं तर शूरपणा करून साफसफाईला आत जाऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा, वॉर्डनना सांगा, श्वासाला त्रास असेल तर डॉक्टरकडे जा.

म्हणून काम बाथरूममध्ये नाही, गच्चीवर. आणि वाऱ्याकडे पाठ करून. हा नियम रूममेटचा. मी मास्कशिवाय बाटली उचलली तर तिने ती हातातून काढून घेतली. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. 'त्या वर्षीपासून बाबांना मी तोंड बांधल्याशिवाय शेतात जाऊ देत नाही, तू कोण लागून गेली?' ती म्हणाली. मी गपचूप मास्क घातला.

उरलेलं ब्लीच झाडात ओतू नका. कपडे धुवायच्या नळाखाली भरपूर पाण्याबरोबर सोडा, आणि त्या दिवशी तिथे अ‍ॅसिड टाकू नका.

मग गॅदरिंगचं काय झालं?

या वर्षी ग्रुपवर मी एकच मेसेज टाकला. 'प्रत्येकाने घरचा एक जुना गडद सुती शर्ट आणावा. पैसे नाहीत. यादी नाही.' एका रविवारी सकाळी गच्चीवर चाळीसेक शर्ट जमले. कोणाच्या बाबांचा, कोणाच्या दादाचा, एक तर कॉलर उलटवून शिवलेला. धागे जाळून सूत ठरवायचं खातं रूममेटकडे. तिने सात शर्ट परत पाठवले, एकावरही वाद झाला नाही. दोन बाटल्या ब्लीच लागलं, ते वर्गाच्या शिल्लक पैशातून आलं. तीन शर्ट बिघडले, त्यातला एक माझा.

एकही शर्ट दुसऱ्यासारखा नव्हता. कोणता काळा नारिंगी झाला, कोणता तपकिरी, एक निळा चक्क गुलाबी. पण सगळ्यांवर खिशाच्या जागी एकच छाप होता. स्टेन्सिल नव्हताच तो. रूममेटने शेतातून कपाशीची पानं वहीत दाबून आणली होती. पान ठेवायचं आणि भोवती फवारायचं. हिंगणघाटचा कापूस एके काळी त्याच नावाने परदेशात विकला जायचा असं आमच्या गावात अभिमानाने सांगतात. पण कपाशीचं पान इतक्या जवळून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

या वर्षीच्या फोटोत ती आहे. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. माझ्या शर्टाला खांद्यावर भोक आहे, ते तिच्या हाताने झाकलं गेलंय.

तुम्हाला करायचं असेल तर रविवारी गच्चीवर या. शर्ट स्वतःचा आणा, मास्क विसरू नका. आणि या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ मॅडमनी तपासले आहेत. तरी चुकलं असेल तर ते ब्लीचनेही जाणार नाही, पोटात घाला!